दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या हालचाली कशा तपासाव्यात

हे टिपण आरोग्य केंद्रांतल्या परिचारिका, नवे फिजिओथेरपिस्ट आणि अशा बाळांचे आईवडील यांच्यासाठी आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे असते. पण वेळेवर नीट पाहिले आणि नीट लिहून ठेवले, तर ते निदान काही महिने आधी होऊ शकते.

आधी वय

बाळाला हात लावण्याआधी कागद-पेन घ्या आणि सुधारित वय काढा. 37 आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या बाळाची प्रत्येक हालचाल या वयाशी ताडून पाहायची असते. घरच्यांची निष्कारण धास्ती आणि तपासणाऱ्यांच्या बऱ्याचशा चुका इथूनच सुरू होतात.

रीत सोपी आहे. बाळंतपणाची अपेक्षित तारीख, म्हणजे 40 आठवडे पूर्ण होण्याची तारीख, हा सुधारित वयाचा शून्य दिवस. समजा बाळ 10 जूनला, 30 आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मले. उरलेले 10 आठवडे म्हणजे 70 दिवस पुढे मोजले की 19 ऑगस्ट येतो. 19 नोव्हेंबरला आजी म्हणते, पाच महिने उलटले तरी नात अजून मान धरत नाही. आजीचा हिशेब बरोबर आहे, पण तपासणीसाठी नात तीन महिन्यांची आहे, आणि तीन महिन्यांच्या बाळाची मान थोडी डुलणारच.

चुका साधारण तीन प्रकारच्या होतात. कोणी 40 ऐवजी 37 आठवड्यांपासून मोजतात, तीन आठवडे तिथेच गळतात. कोणी चार आठवड्यांचा महिना धरतात, आणि सहा महिन्यांपर्यंत दोन आठवड्यांचा फरक साचतो. तिसरी चूक जास्त त्रासाची: पाळीची तारीख नक्की आठवत नसताना तीच धरली जाते. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचा कागद असेल तर तारीख त्यावरून घ्या. सुधारित वय 20 आठवड्यांपर्यंत आठवड्यांत लिहा, पुढे महिन्यांत. दोन वर्षे पूर्ण झाली की ही वजाबाकी सोडून द्यायची.

लसीकरणाला मात्र सुधारित वय लावायचे नाही. लशी जन्मतारखेनुसारच द्यायच्या. दोन हिशेबांची गल्लत होऊन लशी लांबलेली बाळे दिसतात, म्हणून हे इथेच सांगून टाकलेले बरे.

फाइलमध्ये काय शोधायचे

बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) किंवा कोणत्याही एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलेल्या बाळाचे डिस्चार्ज कार्ड तपासणीआधी पूर्ण वाचा. किती आठवड्यांवर जन्म, वजन किती, श्वासाच्या यंत्रावर किती दिवस, झटके आले का, रक्तात जंतुसंसर्ग झाला का, काविळीसाठी रक्त बदलावे लागले का, हे टिपा. डोक्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात मेंदूतल्या रक्तस्रावाचा ग्रेड आणि ‘पीव्हीएल’ (मेंदूतल्या पोकळ्यांजवळच्या पांढऱ्या भागाची इजा) ही अक्षरे शोधा. ग्रेड 3 किंवा 4, अथवा पीव्हीएल असेल, तर हे बाळ पहिल्या दिवसापासून जास्त जोखमीचे. मात्र सोनोग्राफी साफ आहे म्हणून तपासणी ढिली करू नका. मेंदूच्या पांढऱ्या भागातली पसरट इजा सोनोग्राफीत सुटू शकते.

डोळ्यांच्या पडद्याची (आरओपी) आणि कानांची तपासणी झाली का, हेही पाहा. ज्याला दिसत नाही ते बाळ खुळखुळ्याकडे हात नेणार नाही, आणि तुम्ही त्याचा दोष हाताच्या माथी माराल. झटक्यांसाठी फिनोबार्बिटोन चालू असेल तर तेही लिहा. त्याने बाळ सुस्त राहते आणि हालचाली कमी दिसतात.

जागा आणि वेळ

सामान थोडे लागते: साधारण एक मीटर लांब-रुंद, फार मऊ नसलेली गादी किंवा चटईवर दुमडून घातलेली गोधडी, वर एकरंगी चादर, लहान प्लॅस्टिकचा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचे साधन), लाल लोकरीचा गोंडा, एक खुळखुळा, अडीच सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा, फोनसाठी स्टँड. फोमची गादी नको. तिच्यात बाळ रुतते आणि कूस बदलण्याची ताकद असूनही बदलू शकत नाही.

बाळ पूर्ण जागे, शांत आणि हातपाय हलवत असले पाहिजे. दूध पिऊन अर्धा ते पाऊण तास झालेली वेळ बरी. आधी घेतले तर ओकारी होते, उशिरा घेतले तर भुकेने रडते. काणकोण किंवा वाळपईसारख्या लांबच्या गावाहून बांबोळीला आणलेले बाळ वाटेत झोपलेले असते आणि पोचल्यावर भुकेले. त्याला लगेच टेबलावर घेऊन ‘अंग ताठ, चिडचिडे’ असा शेरा मारण्यात अर्थ नाही. आधी पाजू द्या, थांबा. पावसाळ्यात कपडे काढण्याआधी पंखा बंद करा, खोली 26 ते 28 अंशांवर ठेवा. गारठलेले बाळ हातपाय आखडून घेते.

बाळ एनआयसीयूत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मुख्यतः पाहायचे, हाताळणी अगदी कमी. ऑक्सिजन उतरणे, रंग पालटणे, बोटे फाकणे, लागोपाठ जांभया किंवा उचक्या ही बाळाची ‘पुरे’ म्हणण्याची भाषा आहे. यातले काही दिसले की तपासणी थांबवायची आणि उरलेली दुसऱ्या दिवसावर टाकायची.

हात न लावता: तीन मिनिटांचा व्हिडिओ

सगळ्या तपासणीत एकच गोष्ट निवडायची झाली तर आम्ही ही निवडू. हाइन्झ प्रेख्टल यांनी मांडलेल्या या पद्धतीत बाळाला काहीही करायला लावत नाहीत. ते पाठीवर पडून आपल्या मनाने कसे हलते, एवढेच पाहतात. हालचाली किती यापेक्षा कशा, हा प्रश्न असतो.

जन्मापासून सुधारित वयाच्या साधारण 6 ते 9 आठवड्यांपर्यंत सगळे अंग गुंतवणाऱ्या, पिळल्यासारख्या हालचाली दिसतात. मान, खांदे, धड, पाय असे सगळे कमीजास्त वेगाने, बदलत्या क्रमाने वळते, आणि हालचाल हळूच सुरू होऊन हळूच विरते. इथे काळजीचे चित्र म्हणजे ताठरलेल्या, एकसाथ हालचाली: हात, पाय आणि धड एकाच वेळी आखडतात आणि एकाच वेळी सैल पडतात. हेच चित्र आठवड्यामागून आठवडे टिकले तर मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजे सेरेब्रल पाल्सीची शंका बळावते. तोचतोच क्रम पुन्हा पुन्हा, असे फिके चित्र दिवसांआधी जन्मलेल्या बाळांत पुष्कळदा दिसते. त्यावरून एकट्याने काही ठरत नाही.

त्यानंतर फिजेटी हालचाली येतात. मान, खांदे, मनगटे, कंबर, घोटे अशा सगळ्या सांध्यांत, सगळ्या दिशांनी, लहान आणि सतत चाललेली चुळबुळ. सुधारित वयाच्या 9 ते 20 आठवड्यांत त्या दिसतात, आणि 12 ते 16 आठवड्यांत त्या पाहणे सर्वांत भरवशाचे. या काळात त्या अजिबात नसणे हा सेरेब्रल पाल्सीचा फार तगडा इशारा आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पाच महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी या पद्धतीची संवेदनशीलता, म्हणजे सेरेब्रल पाल्सी होणारी बाळे हेरण्याचे प्रमाण, सुमारे 98 टक्के दिली आहे.

ही खिडकी एकदाच उघडते. वरच्या उदाहरणातल्या नातीची ती 11 नोव्हेंबर ते 9 डिसेंबर. अपेक्षित तारीख जूनच्या सुरुवातीची असेल, तर खिडकी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर येते, म्हणजे बहुधा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास. घर मूळ गावी गेलेले असते, भेट ‘चवथ झाल्यावर’ म्हणून पुढे ढकलली जाते, आणि बाळ येते तेव्हा 20 आठवडे उलटलेले असतात. म्हणून तारखा डिस्चार्जच्या दिवशीच काढून द्या आणि व्हिडिओ घरी कसा काढायचा ते आईला दाखवून ठेवा.

घरी काढताना:

1. बाळ पाठीवर, अंगावर फक्त लंगोट किंवा बिनबाह्यांचे झबले. हातपाय उघडे. मनगटातली बिंदली, पायातले वाळे काढता आले तर काढा. घरच्यांना नको असेल तर आग्रह नको, घोटा दिसला म्हणजे झाले.
2. फोन पायांच्या बाजूने, थोडा उंचावर, खाली झुकवून ठेवा. डोक्यापासून टाचेपर्यंत सगळे, आणि फाकलेले हातही, चौकटीत आले पाहिजेत. हातात धरून चित्रण नको, झूम नको, फिल्टर नको.
3. उजेड खिडकीचा, बाळाच्या बाजूने. डोळ्यांवर ऊन नको.
4. पाळणा, मच्छरदाणी, वर टांगलेली खेळणी, चोखणी काही नको. कोणी बोलू नये, हसवू नये. बाळ एकाग्र होऊन पाहू लागले की चुळबुळ थांबते आणि ती ‘नाही’ असे वाटते. घरात हौशी मंडळी असतात, म्हणून ही सूचना सर्वांत जास्त मोडली जाते.
5. तीन ते पाच मिनिटे सलग. रडले, उचकी लागली, झोपले तर थांबवा आणि नंतर नवा घ्या. ताप असताना किंवा लस दिलेल्या दिवशी काढू नका.

व्हिडिओ आवाज बंद करून पाहायचा, नाहीतर रडण्याकुरकुरण्याचा मनावर परिणाम होतो. अर्थ लावणे मात्र या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेल्याचेच काम आहे. एकेका हाताकडे टक लावून न पाहता सगळे चित्र एकदम वाचावे लागते, आणि ती नजर सरावाने तयार होते. तुम्ही प्रशिक्षित नसाल तर चांगला व्हिडिओ योग्य तारखेला पोचवणे हेच तुमचे मोलाचे काम.

हात लावून: स्नायूंचा ताण

फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आमिएल-तिसाँ यांचे कोन भारतात बहुतेक बालविकास विभागांत वापरतात. बाळ पाठीवर, डोके अगदी मध्यावर. डोके एका बाजूला वळलेले असले की त्या बाजूचे हातपाय सैलावतात, दुसऱ्या बाजूचे आखडतात, आणि नसलेला फरक कागदावर उमटतो. सांधा हळू हलवा, पहिला ठोस अडथळा लागला की थांबा, तिथला कोन मोजा.

मांड्यांचा कोन: पाय सरळ ठेवून दोन्ही मांड्या बाजूंना फाकवा, दोन पायांमधला कोन. टाच-कान कोन: ढुंगण गादीला टेकलेले ठेवून सरळ पाय कानांकडे न्या, पाय आणि गादी यांमधला कोन. लवणीचा (गुडघ्यामागचा) कोन: मांड्या पोटाच्या बाजूंना टेकवून गुडघा उघडा, मांडी आणि पोटरीमधला कोन. घोट्याचा कोन: गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे वळवा, त्या दोघांमधला कोन.

सुधारित महिन्यांनुसार अंशांत:

- 0 ते 3: मांड्या 40–80, टाच-कान 80–100, लवण 80–100
- 4 ते 6: मांड्या 70–110, टाच-कान 90–130, लवण 90–120
- 7 ते 9: मांड्या 110–140, टाच-कान 120–150, लवण 110–160
- 10 ते 12: मांड्या 140–160, टाच-कान 140–170, लवण 150–170
- घोटा: वर्षभर 60–70

पहिल्या तिघांत कोन लहान म्हणजे ताठरपणा, मोठा म्हणजे सैलपणा. घोट्याला हे उलटे लागते: 70 पेक्षा मोठा कोन म्हणजे पोटरी आवळलेली. नवखे इथे हमखास फसतात. घोटा एकदा हळू आणि एकदा झटकन वळवून पाहा. दोन्ही मापांत 10 अंशांहून अधिक फरक पडला तर तो लिहा.

मांड्यांचा कोन एकाच बाजूला कमी असेल तर लगेच मेंदूकडे बोट दाखवू नका. खुब्याचा सांधा निखळलेला असू शकतो, विशेषतः बाळ पायाळू असेल तर. तिथे जोर लावायचा नाही, खुब्याची सोनोग्राफी सुचवायची.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. 40 आठवड्यांना पोचलेले असे बाळ नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळासारखे गच्च मुडपलेले नसते. गर्भात शेवटचे आठवडे दाटीवाटीने काढायला मिळालेले नसतात, त्यामुळे हातपाय पसरलेले, लवण जरा जास्त उघडी. त्या वेळचा थोडा सैलपणा आजार नव्हे.

पुढे उलटे दिसते. तीन-चार महिन्यांनंतर काही बाळे मान मागे टाकतात, खांदे मागे ओढतात, पाय ताठ करतात. पुष्कळांत हे पहिल्या वर्षाच्या अखेरीस किंवा त्यानंतर काही महिन्यांत ओसरते. ओसरेल की टिकेल हे एका भेटीत ठरवता येत नाही, म्हणूनच पुन्हा पाहायचे.

वयानुसार काय पाहायचे

सुधारित तीन-चार महिने: मनगटाच्या वर धरून हळूच बसते करा. मान किती मागे राहते? चार महिन्यांनंतरही पूर्ण लोंबत असेल तर नोंद. पालथे घाला: हातांच्या कोपरांवर भार घेऊन डोके उचलते का? हात छातीच्या मध्यावर एकत्र येतात का? मुठी बहुतेक वेळ उघड्या हव्यात. अंगठा सतत मुठीत अडकलेला असणे वाईट. डोके नेहमी एकाच बाजूला आणि कवटी तिथे चपटी असेल तर झोपवण्याची बाजू बदलायला सांगा, मानेचा स्नायू आखडला आहे का तेही चाचपून पाहा.

सहा ते नऊ महिने: दोन्ही हातांनी वस्तू घेते का, ठोकळा या हातातून त्या हातात करते का? उभे धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात का, चवड्यांवरच टेकते का? आधाराविना बसण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा पट्टा 3.8 ते 9.2 महिने आहे, एकट्याने चालण्याचा 8.2 ते 17.6. पट्टे एवढे रुंद असल्यामुळे नुसत्या टप्प्यांवर विसंबले तर उशीर होतो. कसे बसते ते पाहा: पाठ गोल, ढुंगण मागे सरकलेले, पाय ताठ, असे बसणे म्हणजे मांडीमागचे स्नायू आवळलेले. रांगणे काही निरोगी बाळे गाळतातच, एवढ्यावरून घाबरू नये.

वर्ष पूर्ण व्हायच्या आत एकच हात वापरणे हे हुशारीचे लक्षण नाही. ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक होत असेल तर दुसरा हात नीट तपासा.

गुणांकाची साधने

आरोग्य केंद्रात पुरेल असा त्रिवेंद्रम डेव्हलपमेंट स्क्रीनिंग चार्ट दोन वर्षांपर्यंत 17 बाबी पाहतो. सुधारित वयावर पेन्सिल उभी ठेवा, तिच्या पूर्णपणे डावीकडे असलेली बाब जमत नसेल तर बाळ पुढे पाठवा. हा चाळणीचा तक्ता आहे, त्यावर निदान लिहू नका.

हॅमरस्मिथची अर्भक तपासणी, म्हणजे एचआयएनई, 2 ते 24 महिन्यांसाठी. 26 बाबी, 78 पैकी गुण, सरावाने 10–15 मिनिटे. तीन महिन्यांना 57 पेक्षा कमी, किंवा 6, 9, 12 महिन्यांना 73 पेक्षा कमी गुण धोक्याचे. डाव्या-उजव्यातले फरक वेगळे मोजा, पाचहून अधिक झाले तर एका बाजूच्या पक्षाघाताची शंका घ्या. कमी गुणांचे एक साधे कारण रडणारे बाळ असते, म्हणून गुणांशेजारी बाळाची अवस्था लिहाच. अल्बर्टा मोटर स्केलच्या 58 बाबी पालथे, पाठीवर, बसून आणि उभे अशा चार स्थितींत पाहतात. हात जवळजवळ लावावा लागत नाही, त्यामुळे तो घरी पाहायलाही बरा.

नोंद, पुढची पायरी आणि घरच्यांशी बोलणे

भेटी सुधारित वयाच्या 0, 3, 6, 9, 12, 18 आणि 24 महिन्यांना ठेवा. पहिली शंका आली तर चार आठवड्यांत पुन्हा. नोंदीत तारीख, दोन्ही वये, शेवटचे दूध, बाळाची अवस्था, चालू औषधे, कोन डावे-उजवे वेगवेगळे. ‘टोन ठीक’ या शेऱ्याचा पुढच्या माणसाला काही उपयोग नाही.

फिजेटी हालचाली नसणे, गुण कमी असणे किंवा ठळक डावे-उजवेपण यांतले एकही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा बाळांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. वाट आपल्या आरोग्य केंद्रातून विचारा. एमआरआयची तारीख लांबची मिळाली म्हणून व्यायाम थांबवू नका, दोन्ही एकाच वेळी चालतात. जाग आल्यावर लागोपाठ मान आणि हात दचकल्यासारखे खाली पडण्याच्या लहरी दिसल्या, किंवा येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागले, तर मात्र भेटीची वाट पाहू नका. फोनवर चित्रण करा आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

घरच्यांना ‘बाळ मंद आहे’ किंवा ‘होईल सगळे ठीक’ यांपैकी काहीही सांगू नका, दोन्ही तुमच्या हातात नाही. काय दिसले, काय दिसले नाही, पुन्हा कधी पाहणार, हे तारखेसकट सांगा. तेल लावणाऱ्या बाईलाही बोलावून घ्या: हळू चोळणे चालेल, सांधे ताणणे, पाय धरून उलटे लटकवणे बंद. चाकांचा वॉकर घरात नको. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट चवड्यांवर टेकण्याची सवय लागते आणि पडण्याचा धोका वाढतो. जागे असताना आईच्या छातीवर पालथे, सुरुवातीला एक-दोन मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. झोपवायचे मात्र नेहमी पाठीवर.